चिंचोके आणि पडदा

बालवाडी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमात रात्रीच्या ऑनलाइन तासाला आज तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा झाला. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने बालवाडीची वर्षं शाळेच्या पायात धरली, हे फार बरं झालं. पण पडद्यावर 'सूक्ष्म स्नायूंचा विकास' एका ओळीत उरकतो. सकाळी प्रात्यक्षिकाला गेले त्या बालवाडीत तोच कितीतरी वेळ चालला होता. एक चिमुरडी सतरंजीवरचे चिंचोके अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून वाटीत टाकत होती. निसटला की ओठ घट्ट आवळून पुन्हा. ताई नुसत्या बघत होत्या. "तिचं तिला करू द्या," एवढंच मला म्हणाल्या.

त्या चिंचोक्यांवरून आठवलं, मॉन्टेसरीची साधनं महाग, म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, शिंपले, पानं, दगड वापरले. 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू झालं, पुढे कोसबाडला. मुलं शाळेत येईनात, तेव्हा पाड्यावरच्या अंगणातच बालवाडी भरवली. केवढी मोठी गोष्ट!

घर, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या आम्हा बायकांना ऑनलाइन वर्ग हा मोठाच आधार आहे. सिद्धांत तिथे नीट कळतो. मूल मात्र सतरंजीवर मांडी घालून बसल्यावरच कळतं, त्यामुळे प्रात्यक्षिकाचे तास नुसत्या सहीपुरते असूच नयेत.

उद्या गोष्ट सांगायची पाळी माझी. बऱ्याच मुलांचे आईवडील मार्केट यार्डात कामाला जातात. म्हणून टेम्पोतून पडलेल्या कांद्याची गोष्ट रचतेय. तो घरी कसा पोचला, हे मुलांनाच विचारणार आहे.