बेवासिझुमॅबराव

नाव घेताना जिभेला पेच पडतो, म्हणून जाणकार त्यांना ‘अव्हास्टिन’ या ब्रँडच्या नावानं हाक मारतात. धामणगाव रेल्वेच्या मधुमेही मंडळींना तेही जड जातं. वर्ध्या-नागपूरच्या गाडीत कुणी विचारलंच, “कुठी चालले बाप्पा?” तर उत्तर येतं, “डोयात सुई घ्याले.” ती सुई म्हणजे हे.

स्वभाव एकमार्गी. शरीरात कुठे प्राणवायू कमी पडला, की तिथल्या पेशी व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाहाती सांगावा धाडतात, “नव्या रक्तवाहिन्या पाठवा.” बेवासिझुमॅबराव तो सांगावा वाटेतच धरून ठेवतात. कुणाचा, कशासाठी, ही चौकशी त्यांच्या खाक्यात बसत नाही.

नव्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या औषधांच्या घराण्याचा अभिमान दांडगा. रक्तपुरवठा तोडला तर कॅन्सरची गाठ उपाशी राहील, हे ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं. त्याच विचारावर हे 2004 मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर रुजू झाले.

पण खरी हौस हृदयाची. धमनीतला चरबीचा थर जाड झाला, की त्याच्या आत प्राणवायू पोचत नाही; मग तोही बारीक रक्तवाहिन्या मागवतो. त्या कच्च्या, गळक्या. आतल्या आत रक्त पाझरतं, थर फुगतो, ठिसूळ होतो. 1999 मध्ये कॅरन मोल्टन आणि फोकमन यांनी एंडोस्टॅटिन व टीएनपी-470 ही याच घराण्यातली औषधं उंदरांना दिली. थराची वाढ चांगलीच मंदावली. तेव्हापासून सगळ्या भाऊबंदांची मान ताठ.

हृदयाच्या नोकरीसाठीच्या मुलाखतीत मात्र बेवासिझुमॅबरावांचं प्रगतिपुस्तक आड येतं. ते रक्तदाब चढवतात, जखमा रेंगाळत ठेवतात. काहींच्या धमन्यांत गुठळ्या होऊन हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघातही आलेला आहे. शिवाय उपाशी हृदय स्वतःच नव्या वाटा काढू पाहतं, त्याही हे अडवायचे. चोराबरोबर घरच्यांनाही फाटकातून परत पाठवणारा चौकीदार ठेवायचा कुणी?

जागा आखून दिली, की तेच गृहस्थ शहाण्यासारखे वागतात. अथेन्सच्या डॉक्टरांनी त्यांना स्टेंटवर चढवून सशांच्या धमनीत बसवलं, तर त्यांनी तिथल्या नव्या रक्तवाहिन्यांना आवर घातला. डोळ्यातल्या गळक्या रक्तवाहिन्यांना आवरताना तर त्यांचा रुबाब पाहावा. कॅन्सरसाठी 60 किलोच्या माणसाला एका वेळी 300 मिलिग्रॅम लागू शकतात. डोळ्यात सव्वा मिलिग्रॅमवर काम भागतं. नेमणूक झाली तेव्हा डोळ्याचा उल्लेखही नव्हता, पण नाव झालं ते तिथंच.

हृदयाच्या खात्यात सध्या स्टॅटिनची गोळी टेबल सांभाळते. दिसायला साधी, पगार कमी, रोज हजर. बेवासिझुमॅबराव तिला किरकोळ समजतात. ती ऐकून घेते आणि कोलेस्टेरॉल उतरवत राहते.