रंजन, कथानक आणि स्मरण

समीक्षेने करावयाचे काम क्वचित न्यायालयाला करावे लागते. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ १९६२ साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरविले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. सुटे उतारे न पाहता कृती समग्र वाचावी, अशी या निकालाची भूमिका होती. कृतीचा वाङ्मयीन दर्जा उच्च नसेल, तीत लेखकाची अपरिपक्वता आणि नीरसता दिसत असेल. परंतु ती अश्लील नव्हे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. निशिकांत हा कवी आणि त्याच्या आयुष्यात येणाऱ्या नीला, वनिता व श्यामा या तीन स्त्रिया, हे कथानक आज वाचकांच्या स्मरणापेक्षा कायद्याच्या ग्रंथांतच अधिक सुरक्षित असावे.

न्यायालयाला जे नीरस वाटले ते दिवाळीच्या दुपारी फराळाच्या ताटाशेजारी वाचकाने आवडीने वाचले असेल, हा विरोध वरवरचा आहे. प्रणयकथेचा शेवट वाचकाला बहुधा आधीच ठाऊक असतो. पुढे काय होणार यापेक्षा ते किती लांबणार, याचे त्याला कुतूहल असते. भेट, रुसवा, गैरसमज आणि पुन्हा भेट या विलंबातच त्याचे रंजन असते. पुस्तक मिटल्यावर घटना विसरल्या जातात. रेंगाळते ती एखादी मनःस्थिती. हे रंजन खोटे नव्हे आणि ते साधणे सोपेही नव्हे. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात लेखनतंत्राचा जो आग्रह धरला, त्यामागे वाचकाला गुंतवून ठेवण्याच्या याच कौशल्याचे भान होते.

तरीही रंजन झाले म्हणून प्रश्न संपत नाही. कथानकाचा विस्तार स्मरणात सहज मावेल इतकाच असावा, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. त्याचबरोबर एखादा भाग हलविला किंवा वगळला तर संपूर्ण रचना विस्कळीत व्हावी, अशीही त्याची अपेक्षा आहे. ही दोन्ही विधाने एकत्र वाचावयास हवीत. जे वगळता येते ते विसरताही येते. एकामागून एक येणाऱ्या प्रेमप्रकरणांच्या रचनेला हाच धोका असतो. पहिल्या प्रेमाने नायकात काही पालट घडविला नाही, तर दुसरे प्रेम ही केवळ पुनरावृत्ती ठरते. घटना घडतात, पण कोणाचे काही कायमचे जात नाही.

हा दोष लोकप्रियतेचा आहे, असे मानण्याचा मोह होतो. त्याला उत्तर काकोडकरांच्याच लेखनात सापडते. त्यांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवर राज खोसला यांनी ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट काढला. तोही १९६९ सालीच प्रदर्शित झाला. चित्रपटात प्रणय आहे. पण तो एकत्र कुटुंबाच्या फुटीशेजारी उभा आहे. घर सोडणाऱ्याच्या निर्णयाचा भार मागे राहणाऱ्यांना सोसावा लागतो. त्यामुळे एक घटना दुसरीला जन्म देते आणि कथा भाषा व माध्यम ओलांडूनही तग धरते. लेखक तोच, लोकप्रियताही तीच. फरक पडतो तो कृतीच्या परिणामांमुळे.

न्यायालयाने नीरसतेचा नुसता उल्लेख केला. तिची मीमांसा करणे हे त्याचे काम नव्हते. ते समीक्षेचे काम होते आणि आहे. लोकप्रिय कादंबरीला अभ्यासक्रमाच्या दाराबाहेर ठेवल्याने तिचे वाचन थांबत नाही. थांबते ते केवळ तिच्याविषयीचे विवेचन. मग तिच्याबद्दल बोलणारे दोघेच उरतात : तिला गुन्हा मानणारा आणि तिची केवळ विक्री मोजणारा. त्यांतील कोणीही वाचकाला हे सांगू शकत नाही की, रात्रभर जागून वाचलेले पुस्तक आठवड्याभरात का विसरले गेले. त्या वाचकाला कमी न लेखता याचे उत्तर द्यावयाचे, तर समीक्षकाने ते पुस्तक आधी पूर्ण वाचले पाहिजे. न्यायालयाने निदान तेवढे केले होते.