लार्चची आवराआवर

कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेला सिएटल आहे, पाऊस आहे आणि बारा महिने हिरवीगार राहणारी डग्लस फरची दाट रानं आहेत. घाटमाथा ओलांडून पूर्वेला उतरलं की ढग विरतात, हवा कोरडी होते आणि उंच खडकांच्या आधाराने एक वेगळंच झाड भेटायला लागतं. त्याचं नाव लार्च. घराणं सूचिपर्णी वृक्षांचं, पाइन आणि फर त्याची भावंडं. पण या भावंडांनी जपलेला सदाहरितपणा त्याने सोडून दिलेला आहे. दर शरदात ते आपली सगळीच्या सगळी पानं पिवळी करतं आणि टाकून देतं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरवेड्यांचे पाय या पिवळ्या रंगाकडे वळतात. इथे या वारीला ‘लार्च मार्च’ म्हणतात. माझी मैत्रीण आणि मीही पाठीवर तंबू, स्लीपिंग बॅग आणि चार दिवसांचा शिधा घेऊन निघालो होतो. लेव्हनवर्थ गावाजवळच्या ‘एन्चांटमेंट्स’ या तळ्यांच्या पठारावर जायचं होतं. हे नाव ए. एच. सिल्व्हेस्टर या सर्वेक्षकाने दिलं. डोंगरांचे नकाशे काढणाऱ्या माणसालाही इथे मोहिनी पडली, यात मला नवल वाटत नाही. वर मुक्काम करायचा तर १५ मे ते ३१ ऑक्टोबर या काळात सोडतीत नाव लागावं लागतं. आमचं लागलं होतं.

कोलचक तळ्यावरून ॲसगार्ड खिंडीची चढण सुरू होते. दीड किलोमीटरच्या आत सहाशे मीटरहून अधिक उंची, आणि तीही सुट्या दगडधोंड्यांवरून. खिंडीपलीकडे ग्रॅनाइटचं मोकळं पठार, त्यात एकाखाली एक उतरत गेलेली तळी. आणखी खाली आलं की काठाकाठाने लार्च. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचा रंग पाहिला तेव्हा आम्ही दोघीही बोलायच्या थांबलो. फांदीवरच्या आखूड गाठीगाठींतून तीस-चाळीस पानांचे झुबके फुटलेले होते. पाइनच्या सुया टोचतात. ही पानं गालावरून फिरवली तरी मऊ लागतात. वारा आला की त्यांतली थोडी सुटत आणि तळ्याच्या कडेला पाण्यावर पिवळी साय धरत.

रात्री वाऱ्याचा आवाज बदलला. तंबूच्या कापडावर आधी पावसाची टपटप, मग कणी पडल्यासारखी बारीक सरसर आणि पुढे काहीच नाही. पाऊस थांबला असं वाटून मी निर्धास्त झोपले. पहाटे तंबूचं छत नाकापर्यंत खाली आलं होतं. आतून हाताने ढकललं तर भलं मोठं ओझं घसरून बाजूला पडलं. चेन उघडली. बाहेर वीतभर बर्फ होतं.

बर्फाने खडक झाकले, वाट झाकली, काल ज्या दगडावर बसून चहा प्यायलो होतो तोही झाकला. त्याला झाकता आला नव्हता तो फक्त लार्चचा पिवळा. प्रत्येक फांदीवर पांढऱ्याची एक रेघ, तिच्याखाली पिवळ्याची एक रेघ, आणि मागे प्रुसिक शिखराचा काळसर सुळका. ऊन वर आलं तसं फांद्यांवरचं बर्फ निसटू लागलं. एक फांदी हलकी होऊन वर उसळायची, तिच्या धक्क्याने दुसरी. मोकळ्या झालेल्या झुबक्यांतून पाणी ठिबकायचं आणि त्या पाण्याबरोबर सुटलेली पिवळी पानं खालच्या ताज्या बर्फावर विखरायची. दोन पहाडी बकऱ्या आणि त्यांचं एक पिल्लू त्याच झाडांखालून शांतपणे गेलं. बर्फापुढे त्यांची पांढरी लोकर किंचित पिवळसर दिसत होती.

असं दृश्य पाहिलं की मनात पहिला विचार मरणाचा येतो. पानगळीवर आपण इतकं हुरहुरीचं वाचलेलं असतं की पिवळं पान दिसताच डोळे आपोआप ओलावतात. पण या झाडाचं जगणं समजून घेतल्यापासून मला त्याच्या पिवळ्या रंगात शोक दिसत नाही. मला दिसते ती आवराआवर. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी घरातली जाणती बाई जशी दूध विरजते, उरलंसुरलं धान्य डब्यात भरते आणि मग कुलूप लावते, तसं हे झाड हिवाळ्याआधी पानांतलं मोलाचं ते परत खोडात घेतं. पानातलं हरितद्रव्य मोडतं, पानातला नायट्रोजन फांद्यांकडे वळतो. हिरव्याखाली दडलेली पिवळी रंगद्रव्यं तेवढी मागे उरतात, आणि तीच आपल्याला सोन्यासारखी दिसतात. आपण ज्याचे फोटो काढतो ते रिकामं होत आलेलं कोठार असतं.

हा खटाटोप कशासाठी, ते आजूबाजूला पाहिलं की कळतं. दोन हजार मीटरच्या वर हिवाळ्यात जमीन गोठते आणि मुळांना पाणी ओढता येत नाही. वर ऊन आणि वारा मात्र पानांतलं पाणी शोषतच असतात. सदाहरित झाडांची पानं अशाने जागच्या जागी वाळतात. म्हणून त्या उंचीवर फर खडकाच्या आडोशाला झुडपासारखी दबून राहते. तिथेच लार्च ताठ उभं असतं, कारण वाळायला त्याच्या अंगावर पानच नसतं. याची किंमत ते दर वसंतात मोजतं. जेमतेम दोन-तीन महिन्यांच्या उन्हाळ्यासाठी सगळी पानं नव्याने घडवायची, म्हणजे जुन्यातलं शक्य तितकं वाचवायलाच हवं.

माझी मैत्रीण मूळची चंद्रपूरची. मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, “अगं, मग हा आमचा सागच की! फक्त त्याचा वैरी ऊन आहे, याचा वैरी बर्फ.” ताडोबाकडच्या रानात उन्हाळ्याच्या तोंडावर साग पानं टाकतो तो जमिनीतलं पाणी आटतं म्हणून. इथे पाणी असतं, पण दगड झालेलं. तहान दोघांचीही एकच. तिचं बोलणं ऐकल्यापासून हे झाड मला परकं वाटलं नाही.

म्हणूनच अकाली आलेलं बर्फ नुसतं सुंदर म्हणून सोडून देता येत नाही. पानं हिरवी असतानाच कडाक्याची थंडी पडली तर ती फांदीवरच गोठून तपकिरी होतात आणि त्यांतलं सगळं झाडाला परत मिळत नाही. आमच्या त्या सकाळी रंग पूर्ण पिवळा झालेला होता. झाडाने आपलं काम वेळेत उरकलं होतं. बर्फ लवकर आलं, पण झाड त्याच्याही आधी तयार होतं. त्या सौंदर्याचं मर्म मला या तयारीत सापडलं. आणि ही तयारी जुनी आहे. हे लार्च पाच-पाचशे वर्षं सहज जगतं. शिवरायांच्या जन्माआधी रुजलेली झाडं या पर्वतांत आजही दर शरदात हेच काम करतात.

त्यांचं बालपणही तितकंच सावकाश. पहिली वीस-पंचवीस वर्षं रोप मुळं रोवण्यात घालवतं, उंची वीत-दीड वीत. या वयात ते काही पानं हिवाळाभर हिरवी ठेवतं, बर्फाच्या पांघरुणाखाली ती सुरक्षित राहतात. भरपूर बी धरायला पुढे शंभर-दोनशे वर्षं लागतात.

त्या दिवशी तळ्याकाठी वाटेच्या खुणा बुजल्या होत्या. माणसं मिळेल तिथून चालत होती, चांगल्या फोटोसाठी झाडांच्या बुंध्यापर्यंत जात होती. बर्फाखाली काय आहे हे कोणालाच दिसत नव्हतं. तुम्ही कधी या वारीला गेलात, आणि जावंच अशी ही वारी आहे, तर एवढं करा. वाट दिसत नसेल तर उघड्या खडकावरून चाला, झाडांना लांबून पाहा, तंबू ठरलेल्या जागीच लावा. बुटाखाली येणारं ते वीतभर रोप पंचवीस वर्षांचं असू शकतं, आणि त्याच्या पुढे अजून पाच शतकं आहेत.