दंड आणि भरपाई

चोरास शिक्षा झाली म्हणून चोरीस गेलेलें भांडें घरीं परत येतेंच असें नाहीं. अमुक पेढीस नियमभंगाबद्दल जबर दंड झाला, हें वर्तमानपत्रांत वाचून आपणांस समाधान वाटतें. पण तो दंड कोणाच्या पदरांत पडला, हा प्रश्न मनांत क्वचितच येतो. आपल्याकडे ‘सेबी’नें बसविलेला दंड भारताच्या संचित निधींत जमा व्हावा, असें 2002 सालीं कायद्यांत ठरविण्यांत आलें. तिजोरी भरली, ज्याचें बुडालें तो मात्र कोरडाच राहिला.

विलायतेंत या बाबतींत एक निराळी वाट काढलेली आहे. तेथील 2000 सालच्या वित्तसेवाविषयक कायद्यानें, नियामकाचे ठराविक नियम पेढीनें मोडले आणि त्यामुळें खासगी व्यक्तीचें नुकसान झालें, तर त्या व्यक्तीस स्वतः भरपाईचा दावा लावतां येतो. मात्र नियम मोडला एवढें दाखवून भागत नाहीं. नुकसान त्या मोडण्यामुळेंच झालें, हेंही सिद्ध करावें लागतें.

खरी अडचण येथेंच आहे. 2005 सालीं एका गृहस्थानें घर विकून आलेले साडेबारा लाख पौंड, नवें घर मिळेपर्यंत सुरक्षित राहावे म्हणून, आपल्या बँकेचा सल्ला विचारला. ही गुंतवणूक रोख ठेवीसारखीच आहे, असें त्यास सांगण्यांत आलें. 2008 च्या आर्थिक वादळांत त्याचे सुमारें एक लाख ऐंशी हजार पौंड बुडाले. बँकेची चूक खालच्या न्यायालयानें मान्य केली. पण असें वादळ कोणास दिसणार होतें, असें म्हणून केवळ नांवापुरती भरपाई दिली. 2012 सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय फिरविला. ज्या धोक्यापासून ग्राहकास जपण्यासाठींच नियम केला, तोच धोका ओढवल्यावर ‘तो अनपेक्षित होता’ ही सबब चालत नाहीं, असा त्याचा आशय होता. शाकारलेलें छप्पर आषाढांत गळूं लागल्यावर ‘एवढा पाऊस पडेल असें वाटलें नव्हतें’ असें म्हणणाऱ्या कारागिरास आपण तरी दुसरें काय सांगूं?

आपल्याकडे वाट उलट दिशेची. रोखेबाजाराच्या ज्या बाबी सेबीच्या अधिकाऱ्यांकडे सोंपविल्या, त्यांत दिवाणी न्यायालयांनीं हात घालूं नये, असें 1995 सालीं ठरलें. 2009 च्या नियमांनीं अपराध्याकडून काढून घेतलेला नफा नुकसान झालेल्यांस वांटण्याची सोय केली खरी. पण ती सेबीस योग्य वाटेल तेथेंच. 2013 च्या कंपनी कायद्यानें भागधारकांस एकत्र येऊन भरपाई मागण्याचा मार्ग दिला. मात्र तो कंपनी आणि तिच्या चालकांविरुद्ध आहे, सल्ला देणाऱ्या प्रत्येक दलालाविरुद्ध नव्हे.

दाव्याचा हक्क म्हणजे सर्वस्व नव्हे, हें मीही जाणतों. वर सांगितलेला गृहस्थ स्वतः वकील होता. निवृत्तिवेतनावर जगणारी एखादी विधवा वरिष्ठ न्यायालयापर्यंत कशी जाणार? म्हणूनच तेथेंही विनाखर्च तक्रार ऐकणारा लोकपाल नेमावा लागला. तरीही मला वाटतें, दुसऱ्याच्या मर्जीनें मिळालेली रक्कम आणि हक्कानें मागून घेतलेली रक्कम यांत, आंकडा एकच असला तरी, मोठें अंतर आहे. पहिली घेतांना माणूस याचक असतो. दुसरी घेतांना तो नागरिक असतो. आयुष्यभर पै पै जमविणाऱ्या आपल्या मध्यमवर्गानें दंडाच्या बातमीवर न थांबतां, ‘यांत ज्याचें गेलें त्याचें काय?’ असें विचारावयास शिकलें पाहिजे.