विचारून तोडावे

परसदारचे झाड आपले असते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. आजोबांनी रोप लावले, आजीने उन्हाळ्यात पाणी घातले, नातवंडांनी फळे खाल्ली. मग त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क असणार? आंबोलीतील आमच्या घरामागच्या जांभळीने ही समजूत आम्हां भावंडांना तपासून पाहायला लावली.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या कड्यावर वसली आहे. येथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा पावसात उतारावरची माती एका जागी राहत नाही. गेल्या काही वर्षांत जांभळीच्या मुळांखालची माती वाहून गेली आणि ते थोराड खोड घराकडे कलले. त्या कौलांखाली आमची काकी एकटी राहते. आम्ही कोणी सावंतवाडीत, कोणी बेळगावात, कोणी मुंबईत. वादळाची बातमी आली की प्रत्येकाचा पहिला फोन तिला जातो. झाड जागेवर आहे ना, असे आम्ही विचारतो, आणि ती उत्तर देते, "मी पण आसंय."

एका लाकूड व्यापाऱ्याने सोपा मार्ग सुचवला होता. एका सकाळीत झाड उतरवायचे, ओंडके त्याने न्यायचे आणि वर चार पैसेही द्यायचे. परवानगीचे विचारताच तो हसला. घरच्या झाडाला कसली परवानगी, असे त्याचे म्हणणे. काकीच्या जिवाचा घोर आम्हांलाही होता. तरीही कुऱ्हाड बोलावण्यापूर्वी चौकशी करायची, असे आम्ही ठरवले. त्या चौकशीत एकाचे तीन प्रश्न झाले.

पहिला प्रश्न झाडाच्या नावाचा. ग्रामीण भागासाठी आपल्याकडे १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम आहे. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, ऐन, किंजळ अशी झाडे आहेत, आणि जांभूळही आहे. यांतील कोणतेही झाड, ते स्वतःच्या जमिनीत असले तरी, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. झाड वाळले असेल, रोगट असेल, अथवा जीविताला वा मालमत्तेला त्यापासून धोका असेल, तर ती कारणे कायदा जाणतो. मात्र तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे लावण्याची जबाबदारीही टाकतो. नावाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. यादीत 'अंजन' आहे, तो खानदेशासारख्या कोरड्या मुलखातला वृक्ष. आंबोलीच्या रानात निळ्या-जांभळ्या फुलांनी डवरणारी 'अंजनी' निराळी. एका वेलांटीने झाड बदलते. म्हणून ओळख जाणकाराकडूनच करून घ्यावी.

दुसरा प्रश्न जमिनीचा. आणि आंबोलीत तो सर्वांत अवघड. आंबोली, चौकुळ व गेळे या तीन गावांत सावंतवाडी संस्थानच्या काळापासून कबुलायतदार गावकर पद्धत चालत आली. गावकऱ्यांनी कबुलायत लिहून दिली आणि जमीन सामाईकपणे कसली. पुढे याच जमिनींच्या सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन' अशी नोंद झाली आणि वाटपाच्या प्रतीक्षेत पिढ्या सरल्या. आमच्या परसाचा सातबारा काढला, तेव्हा तेथेही तेच दोन शब्द होते. तोडण्याचा अर्ज मालकाने करायचा. आणि ज्या मातीत आजोबांनी रोप लावले तिचे मालक कागदावर आम्ही नव्हतोच.

तिसरा प्रश्न परिसराचा. अनुसूचीत नाव नसलेला उंबर किंवा वड मोकळा, असे मानण्याची सोय येथे नाही. जमीन वन म्हणून गणली गेली असेल, तर तेथील प्रत्येक झाडाला वनाचे कायदे लागू होतात. आणि १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातील आदेशापासून 'वन' या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने व्यापक केला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग वन्यजीव मार्गिकेत वृक्षतोडीला मनाई केली. म्हणून या तालुक्यांत गावाचे नाव व गट क्रमांक घेऊन वन कार्यालयात विचारल्याशिवाय कोणतीच खात्री देता येत नाही. हे सारे जाचक वाटते खरे. परंतु याच आंबोलीत, हिरण्यकेशीच्या कुंडात, जगाला अपरिचित असलेला मासा २०२० मध्ये नोंदवला गेला आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. वरच्या झाडांनी माती धरून ठेवली, तरच खालचे पाणी निवळ राहते.

झाडाबाबत विचारण्याची रीत मात्र इंग्रजी अंमलाची देणगी नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी सूचना आहेत. आंबा-फणसाचे लाकूड आरमाराला उपयोगी. तरी त्या झाडांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे फारच जीर्ण झाले, तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे. जुलूम करू नये. तेव्हा राज्याने रयतेला विचारायचे होते, आज रयतेने राज्याला विचारायचे आहे. दिशा उलटली, तरी विचारण्यामागचा विवेक तोच आहे: वाढायला साठ वर्षे लागलेली वस्तू एका सकाळीत संपवण्यापूर्वी दुसऱ्या कोणाचे तरी मत घ्यावे. मात्र विचारणाऱ्याला वेळेवर उत्तर मिळाले पाहिजे, हेही त्याच विवेकात येते. उत्तर लांबले की लोक विचारणे सोडून देतात, आणि मग लाकूड व्यापाऱ्याचे हसू खरे ठरते.

आम्ही ग्रामपंचायत, तलाठी आणि वन कार्यालय अशा तिन्ही ठिकाणी धोक्याची लेखी माहिती छायाचित्रांसह दिली आणि पोच घेतली. निर्णय अद्याप यायचा आहे. तोवर डोंगरातून येणारे पाणी मुळांपासून दूर वळवण्यासाठी चर खणला, बुंध्याच्या खालच्या अंगाला दगड रचले आणि काकीची खाट मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणली. काकीने आणखी एक काम आपण होऊन केले. गेल्या हंगामातल्या बिया रुजवून तिने चार रोपे केली आहेत. झाड राहिले तरी लावायची आणि गेले तरी लावायची, असे तिचे म्हणणे आहे; आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.