रिकामी ताटली परत करू नये

बहारीनमध्ये राहतो म्हटलं की गावाकडचा पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे दुबईजवळच ना?" जवळच. मुंबईकराने नांदेडला जवळ म्हणावं तितपत, आणि तेही मध्ये समुद्र टाकून. मनामा ही इथली राजधानी. तिच्या पश्चिमेला गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर जिदहफ्स. 'जिद'पर्यंत ठीक जातं, 'हफ्स' म्हणताना शिंक अडकल्यासारखं होतं. बहारीनमध्ये 'जिद'ने सुरू होणारी गावं बरीच आहेत, जिद अली, जिद अल हाज वगैरे, पण आमच्याइतकं अवघड नाव कुणाचं नाही.

एकेकाळी खजुराच्या बागा आणि गोड्या पाण्याचे झरे असलेलं हे गाव. आता मनामा पसरत पसरत त्याला येऊन मिळाली आहे. तरी गल्ल्या गावाच्याच आहेत, म्हणजे दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाने मान खाली घालून मागे जायचं. वस्ती मुख्यतः शिया. इमारतींच्या मधून कुठे कुठे जुने खजूर उरलेत, आणि भाजी-मासळीच्या बाजारात सकाळी गेलं की मंडईत आल्यासारखं वाटतं.

तर या जिदहफ्समध्ये २०२० च्या रमजानात आम्ही दोघं चौदा दिवस घरात बंद होतो, आणि त्याच काळात माझ्या बायकोची दोन वर्षं बंद पडलेली चित्रं पुन्हा सुरू झाली. ही गोष्ट आमच्या नातेवाइकांत आता एका ओळीत सांगितली जाते, "लॉकडाऊनमध्ये वेळ मिळाला, मग सुचलं तिला!" मला ते ऐकलं की चिडचिड होते. कारण वेळ तिच्याकडे आधीही होता. नको तितका होता. म्हणून म्हटलं, काय झालं ते एकदा नीट लिहून काढावं.

बायको व्यवसायाने चित्रकार. पुण्यात असताना मुलांच्या पुस्तकांतली चित्रं, दिवाळी अंकांतली कथाचित्रं अशी तिची कामं चालायची. २०१८ साली माझ्या नोकरीमुळे (मी वातानुकूलनाच्या, म्हणजे साध्या मराठीत एसीच्या कामांवर इंजिनिअर) आम्ही इथे आलो आणि तिचं काम हळूहळू आटत गेलं. पुण्याचे संपादक फोनवर गोड बोलत, पण काम जवळच्याला देत. तेही बरोबरच म्हणा. वसंत सरवटे तिचं दैवत. ते सिमेंट कंपनीत इंजिनिअर म्हणून नोकरी करून चित्रं काढत. त्यांचं उदाहरण देऊन मी तिला एकदा म्हटलं, "नोकरी सांभाळून त्यांनी एवढं केलं, तुला तर नोकरीही नाही." त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं चित्र काढता आलं असतं तर बरं झालं असतं. रंगांचा डबा कपाटात वरच्या फळीवर गेला. त्यानंतर मी विषय काढला नाही.

बहारीनमध्ये कोविडचा पहिला रुग्ण २४ फेब्रुवारी २०२० ला सापडला. मार्चच्या अखेरीस मशिदींतले सामुदायिक नमाज थांबले, ९ एप्रिलपासून मास्क सक्तीचा झाला. भारतासारखी सरसकट संचारबंदी मात्र इथे आली नाही. आमची कामंही चालू होती, कारण उन्हाळा तोंडावर आणि एसी थांबून चालत नाही. २४ एप्रिलला रमजान सुरू झाला. चार दिवसांनी आमच्या साईटवरच्या एका फिटरचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दापोलीकडचा पोरगा, रोजे धरणारा. तो विलगीकरण केंद्रात गेला आणि संपर्कातले म्हणून आम्ही घरात.

दोघांच्याही मनगटांवर एकेक इलेक्ट्रॉनिक कडं आलं. ते फोनमधल्या सरकारी ॲपला जोडलेलं. फोनपासून पंधरा मीटरपेक्षा लांब गेलात की यंत्रणेला निरोप. मधूनच ॲप सांगणार, चेहरा आणि कडं एकत्र दिसेल असा फोटो पाठवा. नियम मोडला तर किमान तीन महिने तुरुंग, किंवा हजार ते दहा हजार दिनार दंड, किंवा दोन्ही. आमचं सगळं घरच मुळी पंधरा मीटर लांब नाही, त्यामुळे प्रश्न नव्हता!

त्या रमजानात बहारीनच्या टीव्हीवर एक कार्यक्रम लागायचा, नावच 'तुम्ही घरी आहात का?' त्याच ॲपमधून रोज दहा नंबर निवडून थेट प्रक्षेपणात फोन करायचे, आणि माणूस घरी सापडला तर त्याला बक्षीस. पुढे जूनमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने या ॲपवर, खाजगीपणाच्या मुद्द्यावरून, चांगलीच टीका केली. ती रास्तच होती. पण खरं सांगायचं तर आम्ही रोज फोनची वाट पाहिली. घरी असणं एवढीच पात्रता असलेली स्पर्धा आयुष्यात पुन्हा कुठे मिळणार?

बातमी भारतात पोचल्यावर प्रत्येकाने बायकोला तोच सल्ला दिला, "आता भरपूर चित्रं काढ." एका काकांनी तर मंडालेची आठवण दिली. टिळकांनी गीतारहस्य तुरुंगातच लिहिलं ना! लिहिलं, पण त्यामागे कितीतरी वर्षांचा अभ्यास होता. मंडालेने फक्त टेबल दिलं. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तीही काही दिवसांत. पण त्या पुस्तकाची घडण आठवून बघा. एकेक रात्र, एकेक गोष्ट, आणि समोर ऐकायला बसलेली माणसं. मला वाटतं भिंतींपेक्षा ती रात्र आणि ती समोरची माणसं जास्त कामाची.

पहिले तीन दिवस बायकोने काहीही काढलं नाही. डबा खाली आला, कागद टेबलावर आला, आणि तसाच राहिला. ती खिडकीत बसायची. खिडकीतून दिसायचं काय, तर समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, एक खजूर, दोन साळुंक्या आणि रिकामी गल्ली. एरवी रमजानात रात्री ही गल्ली जागी असते. घराघरात कुराणपठण चालतं, दारं उघडी, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा. त्या वर्षी दारं बंद होती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बहारीनी आजी राहतात. सगळी गल्ली त्यांना हज्जिया म्हणते, आम्हीही तेच म्हणतो. १ मे ला संध्याकाळी, रोजा सुटायच्या जरा आधी, बेल वाजली. दार उघडलं तर कुणी नाही. उंबऱ्यापाशी कागदी ताटली, वर ॲल्युमिनियमचा कागद. आत सागो! म्हणजे चक्क साबुदाणा, केशर-वेलची घालून शिऱ्यासारखा परतलेला. साबुदाणा उपासाला नव्हे तर उपास सोडायला खाणारी माणसं जगात आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

रमजानात शेजाऱ्यांकडे ताटली जाणं ही इकडची जुनी रीत. आणि आलेलं भांडं रिकामं परत करू नये, हे तर आपल्याकडे प्रत्येकाच्या आईने सांगितलेलं असतं. हज्जियांनी मुद्दाम कागदी ताटली धाडली होती, परत करावी लागू नये म्हणून. बायकोला मात्र चैन पडेना. विलगीकरणातल्या घरातून खायचं काही पाठवणं शक्य नव्हतं. मग तिने त्याच मापाची आमच्याकडची एक कोरी कागदी ताटली घेतली आणि तिच्यावर चित्र काढलं. खिडकीतला खजूर, आणि त्याच्यावर बसून घड्याळाकडे बघणारी एक उपाशी साळुंकी. फोटो हज्जियांच्या नातवाला पाठवला. पाच मिनिटांत खालून हसण्याचा आवाज आला. जिन्यातून, भिंतीतून, अगदी स्पष्ट.

दुसऱ्या दिवशी लुकैमात आले. खजुराच्या पाकात घोळलेल्या, बाहेरून कुरकुरीत अशा गोळ्या. म्हणजे दुसरं चित्र देणं आलं. तिसऱ्या दिवशी हरीस. गहू आणि मटण एकजीव होईपर्यंत घोटलेलं. मग तिसरं चित्र.

आणि इथेच मला ते कोडं सुटल्यासारखं वाटलं. चित्राला माप होतं, ताटलीएवढं. वेळ होती, सूर्यास्ताची. ती वेळ मागे-पुढे करता येत नाही. त्या महिन्यात सूर्य इथे रोज साधारण अर्धा मिनिट उशिरा मावळतो, म्हणजे सहा वाजून पाच-सात मिनिटांवरून महिनाअखेर सहा वीसच्या आसपास. शिया मंडळी पूर्वेकडची लाली जाईपर्यंत आणखी थोडं थांबतात, तेवढी बायकोला सवलत. आणि कुणीतरी वाट पाहणारं होतं, ही सगळ्यात मोठी गोष्ट. दोन वर्षं तिच्याकडे वेळच वेळ होता, पण 'सहाच्या आत' म्हणणारं कुणी नव्हतं.

हज्जिया नुसतं कौतुक करणाऱ्या नाहीत, चुकाही काढणाऱ्या आहेत. रमजानच्या मध्यावर इथे मुलांचा एक सण असतो, गरगाऊन. ठेवणीतले कपडे घालून, गाणी म्हणत मुलं दारोदार जातात आणि पिशवीत सुकामेवा-गोळ्या गोळा करतात. त्या वर्षी आमच्या गल्लीत कुणी आलं नाही. बायकोने त्या रात्रीसाठी ताटलीवर मुलींची रांग काढली, डोक्यावर 'बुखनक' घातलेली. बुखनक म्हणजे चेहरा उघडा ठेवून छातीपर्यंत येणारी, जरीकाम केलेली पातळ ओढणी. नातवाच्या फोनवरून हज्जियांचा आवाजी निरोप आला. जर चुकीच्या जागी आहे, ती चेहऱ्याभोवती फिरते आणि पुढून खाली उतरते. अरबी आम्हाला जेमतेम कळतं, पण 'जरी' हा शब्द लगेच कळला. तो त्यांचाही तोच आहे. बायकोने चित्र पुन्हा काढलं. पुण्याच्या एकाही संपादकाने इतकं बारकाईने पाहिलं नसेल!

इकडे विलगीकरण केंद्रात आमचा फिटर एकटा पडला होता. त्या महिन्यांत इथल्या रुग्णांत परदेशी कामगारांचा भरणा मोठा होता. एका खोलीत सात-आठजण राहणाऱ्यांनी अंतर पाळायचं कसं? त्यांनाही 'घरात बसा'च सांगितलेलं होतं. बंद खोली माणसाला सुचवते वगैरे म्हणताना मला हे नेहमी आठवतं. त्याच्या कॅम्पमधल्या खोलीत खिडकीसमोरही कॉट होती.

मी त्याला रोज ताटल्यांचे फोटो पाठवत होतो. एक दिवस त्याचा निरोप आला, "वहिनींना सांगा, एक ताटली माझीपण काढा. आईच्या हातची सांदणं." बायकोने तासभर त्याला प्रश्न विचारले. वाफवायचं भांडं कसलं, चुलीवर की गॅसवर, आई बसते कुठे. त्या संध्याकाळच्या चित्रात कोकणातलं एक स्वयंपाकघर होतं आणि सांदणांची वाफ ताटलीच्या कडेपर्यंत गेली होती. त्याचं उत्तर रात्री उशिरा आलं. फक्त एवढंच, की फोटो आईला पाठवला आहे आणि ती म्हणते, भांडं बरोबर आहे.

१२ मे ला आमची कडी निघाली. ताटल्या थांबल्या नाहीत. २३ मे पर्यंत तेवीस चित्रं झाली. ईदला आम्ही मास्क लावून, दारातच उभं राहून, त्या सगळ्या ताटल्या हज्जियांना दिल्या. त्यांनी एकेक हातात घेऊन पाहिली, मग आत जाऊन एक दिनारची कोरी नोट आणली. ईदी. बायकोची बहारीनमधली पहिली कमाई! ती नोट अजून मोडलेली नाही.

त्यानंतर पुण्याहून लगेच कामांचा पाऊस पडला असं काही नाही. २०२० साली तिकडे सगळ्यांचीच ओढाताण होती. पण डबा वरच्या फळीवर परत गेला नाही. आजही ती संध्याकाळी एक गोल आखते, आणि आधी विचारते, "हे कुणासाठी?"

जाता जाता एक इंजिनिअरी टिपण. पुढे मनामाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आम्ही दिलमुन संस्कृतीच्या मुद्रा पाहिल्या. चार हजार वर्षांपूर्वीच्या, मऊ दगडाच्या, जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढ्या. तेवढ्या गोलात कुणीतरी हरणं कोरली आहेत, माणसं कोरली आहेत, आणि एकीवर दोघंजण एकाच रांजणातून नळ्यांनी काहीतरी पिताहेत. तशी एक मुद्रा आपल्याकडे गुजरातेत लोथलला सापडली आहे, म्हणजे तेव्हाही या गोल चित्रांची इकडून तिकडे ये-जा होती. बायको त्या काचेसमोर इतका वेळ उभी होती की रखवालदार दोनदा येऊन गेला. कधी बहारीनला आलात तर त्या मुद्रा जरूर बघा. आणि रमजानात आलात तर सरळ आमच्याकडे या, सागो खायला. फक्त येताना रिकाम्या हाताने येऊ नका, हज्जिया विचारतात.