घोड्याची खरी उंची

कडाव, दत्तजयंतीच्या आधीचा आठवडा

सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा जवळ आली की माथेरानसाठी घोडा घेऊ पाहणाऱ्यांच्या फोनवर फोटो फिरू लागतात. आज एक पाहिला. खाली लिहिलं होतं, ‘६२ इंची, उमदा’. घोड्याची मान वर ताणलेली, आणि धरणारा माणूस दोन पावलं मागे. अशा फोटोवरून उंची ठरवता येत नाही.

घोडा कानापर्यंत मोजायचा नसतो. मान पाठीला मिळते तिथला खांद्याचा उंचवटा, तिथपर्यंतच उंची धरायची. कारण मान वरखाली होते, तो उंचवटा नाही. जमीन सपाट आणि टणक हवी, पाय सरळ हवेत, उभ्या काठीला आडवी पट्टी हवी. अंगावरून टेप फिरवला की शरीराची गोलाईही उंचीत मिसळते. नालेची जाडी वेगळीच. परदेशी मापात ४ इंचांचा एक ‘हँड’, तिथलं १४.२ म्हणजे १४ हँड आणि २ इंच, एकूण ५८ इंच.

हे इंच मला क्षुल्लक वाटत नाहीत. माथेरानात खासगी मोटारींना प्रवेश नाही. लाल मातीच्या चढावर घोडे माणसं वाहून नेतात. फुगवलेल्या आकड्यावर भाव वाढतो, कर्ज वाढतं, आणि लहान चणीच्या जनावरावर जड स्वार बसतो. जनावराला तक्रारही करता येत नाही.

घोडा घेणाऱ्यांनो, बयाणा देण्याआधी स्वतः काठी लावा. विकणाऱ्यांनो, मोजलेलाच आकडा सांगा.